जे घडले नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

व्यावसायिक फुटबॉल खेळणारे जे बचावपटू माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांपैकी बहुतेकांची पहिल्या भेटीतली तक्रार एकच असते: स्ट्रायकरने पाच संधी दवडून सहाव्या वेळी गोल केला तर तो नायक ठरतो, आम्ही नव्वद मिनिटे चोख खेळून एकदा चुकलो तर पराभवाचे खापर आमच्याच माथी फुटते. ही तक्रार खोटी नाही, हे मी आधीच मान्य करते. १९५६ पासून दिला जाणारा पुरुषांचा ‘बॅलन डी’ऑर’ हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवणारे बचावपटू बेकेनबाउर, झामर, कानावारो असे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. परंतु जगाचा हिशेब अन्यायाचा आहे म्हणून आपणही स्वतःचा हिशेब तसाच मांडावा का, हा प्रश्न उरतो, आणि माझे काम तिथून सुरू होते.

त्यांपैकी एकाचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील वगळून, त्याच्या संमतीने सांगते. वय ३१, सेंटर-बॅक म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, करार संपायला एक वर्ष उरलेले. ८८व्या मिनिटाला त्याने गोलरक्षकाकडे दिलेला पास तोकडा पडला, प्रतिस्पर्ध्याने तो मध्येच गाठला आणि संघ एका गोलने हरला. त्यानंतरचे दोन महिने तो रोज रात्री त्या क्षणाची चित्रफीत पाहत होता.

“पाहून काय साधते?” मी विचारले.

“तशी चूक पुन्हा होऊ नये, म्हणून पाहतो.”

“मग होत नाही ना?”

“ती होत नाही, मॅडम. दुसऱ्या होतात.”

मला फुटबॉल बेताचेच कळते आणि त्याचा या कामात तोटा होण्याऐवजी फायदाच होतो, असा माझा अनुभव आहे. कारण समजावून सांगताना माणूस स्वतःचेच बोलणे नव्याने ऐकतो. बचावाची फळी म्हणजे नेमके काय, असे मी तिसऱ्या भेटीत विचारले. त्याने माझ्या टेबलावरचे चार पेपरवेट एका ओळीत मांडले. समोरून पुढे पास निघण्याच्या क्षणी आम्ही चौघे एका रेषेत असलो आणि त्यांचा खेळाडू आमच्या मागे निसटलेला असला, तर तो ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, ठरतो, असे तो म्हणाला.

“आणि हल्ली तुम्ही कुठे उभे असता?”

त्याने दुसरा पेपरवेट दोन बोटे मागे सरकवला. मग तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला आणि मीही काही बोलले नाही. अशा शांततेत मदतीला धावण्याचा मोह आवरायला मला कित्येक वर्षे लागली आहेत.

“मी एकटा मागे राहिलो, तर तिघांचे जागेवर असणे फुकट जाते,” तो म्हणाला. “मी याला सावधपणा समजत होतो.”

त्या दोन बोटांच्या अंतरात त्याचे सगळे दुखणे मावले होते. ‘चूक टाळायची आहे’ आणि ‘चूक होताच कामा नये’ ही दोन वाक्ये ऐकायला जुळी वाटली, तरी पहिले माणसाला चेंडूकडे पाहायला लावते आणि दुसरे स्वतःकडे. माणसाला घटनेपेक्षा घटनेवर लादलेला हट्ट अधिक छळतो, या विचारावर माझी श्रद्धा आहे. तो हट्ट इतक्या स्पष्टपणे टेबलावर मांडलेला मात्र मी क्वचितच पाहिला आहे.

पुढच्या भेटीसाठी मी त्याला त्या पराभवाचे संपूर्ण चित्रण आणायला सांगितले आणि जिथे काहीतरी घडू शकले असते पण घडले नाही, तिथे ते थांबवायची अट घातली. पहिल्या अर्ध्या तासातच तो नऊ वेळा थांबला. एका ठिकाणी प्रतिस्पर्ध्याने नुसताच मागे पास दिला होता. तो मागे का दिला, असे विचारल्यावर तो किंचित ओशाळून म्हणाला, “पुढची वाट मी बंद केली होती.”

इटलीचा बचावपटू फ्रँको बारेसीचे उदाहरण त्यानेच काढले. १९९४च्या विश्वचषकात गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन चार आठवडेही झाले नव्हते, तरी बारेसी अंतिम सामन्यात उतरला आणि इटलीने ब्राझीलला १२० मिनिटे गोल करू दिला नाही. बरोबरी फोडण्यासाठीच्या शूटआउटमधली त्याची पेनल्टी मात्र बारच्या वरून गेली. अनेकांना तीच आठवते. मी एवढेच म्हटले की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक आठवण्यासाठी दुसरी पुसावी लागत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बचावपटूंना मी सांगते, की चूक झाकू नका. दोन-तीन दिवसांत, दिवसाउजेडी आणि प्रशिक्षकांसोबत ती एकदाच पाहा: शरीर कोणत्या दिशेला होते, आणखी कोणता पास शक्य होता, पाहायला उशीर कुठे झाला. हे वहीत उतरवून चित्रफीत बंद करा. रात्री एकट्याने ती पुन्हा पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे, शिक्षा आहे. त्याच वहीत त्या सामन्यात अडवलेल्या तीन वाटाही लिहा, कारण त्या गुणफलकावर येत नाहीत. वयाच्या धास्तीबद्दल मी खोटा दिलासा देत नाही. इटलीचाच बचावपटू मालदिनी ४०व्या वर्षापर्यंत खेळला हे खरे असले, तरी तो अपवाद आहे. मात्र वेग उतरू लागल्यावर खेळ आधी ओळखण्याची नजर कामी येते, आणि भ्यालेला माणूस नेमकी तीच वापरत नाही.

या खेळाडूचा करार क्लबने वाढवला नाही. त्याने कमी मानधनावर दुसरीकडे एका वर्षाचा करार केला. तिथल्या चौथ्या सामन्यात त्याच्या चुकीमुळे संघावर पुन्हा एक गोल झाला, हे त्याने मला फोनवर सांगितले. त्यानंतरच्या वीस मिनिटांत आपण कुठे उभे होतो, हे सांगायला मात्र त्याने जास्त वेळ घेतला.