चक्रीवादळात घर सोडावे का? निसर्ग वादळ पाहिलेल्या मुलीचे उत्तर

लहान मुले घरात असताना चक्रीवादळाचा इशारा मिळाला तर घर सोडावे की थांबावे, आणि कोकणातील माणसे जीव धोक्यात घालून घराला का चिकटून राहतात, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात देता येते. घर मातीच्या भिंतींचे किंवा पत्र्याच्या छपराचे असेल, तर कोणाशीही वाद न घालता मुलांना घेऊन वेळेवर पक्क्या छताखाली जावे. दुसरा भाग मात्र मला लागला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरील दिवेआगरच्या आमच्या घरातच होतो, आणि आम्ही तिथे का होतो हे आमच्या नात्यातील माणसांनाही आजवर पटलेले नाही.

मी तेव्हा सातवीची परीक्षा न देताच आठवीत गेले होते, कारण करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच रद्द झाल्या होत्या. टाळेबंदीमुळे बाजार बंद होता आणि त्या हंगामाची वाळवलेली असोली, म्हणजे सालासकटची, सुपारी विकली न गेल्याने पोत्यांतून माळ्यावर पडून होती. 2 जूनला गावात दवंडी फिरली आणि शाळेत निवाऱ्याची सोय केल्याचे सांगण्यात आले. त्याच संध्याकाळी डोंबिवलीहून काकांचा फोन आला आणि आजीला ताबडतोब शाळेत हलवा, असे त्यांनी बाबांना बजावले. आजीला दमा होता. ज्या दिवसांत शेजारी एकमेकांच्या अंगणात जायला कचरत होते, त्या दिवसांत तिला अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत रात्रभर बसवायचे की जांभ्याच्या भिंतींच्या माजघरात ठेवायचे, यावर आई-बाबा उशिरापर्यंत बोलत होते. शिवाय गोठ्यात गाय होती, आणि जनावर बांधून ठेवून निघून जाणे आमच्याकडे कोणाच्या मनातही येत नाही. 2009 च्या नोव्हेंबरातले फयान चक्रीवादळ मोठ्यांच्या आठवणीत होते, पण त्या वेळी गावातील झाडे मोठ्या प्रमाणात वाचली होती, म्हणून येणारे वादळही तेवढेच असेल असा सर्वांचा अंदाज होता. याला हट्ट म्हणणाऱ्याने त्या रात्री आमच्या ओटीवर बसून दुसरा निर्णय घेऊन दाखवावा.

सकाळी पाऊस होता. अकराच्या सुमारास वारा असा सुटला की पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे, एका बाजूला झुकायच्या आणि सरळ व्हायच्या आधीच पुन्हा झुकायच्या. बाबांनी गाय सोडून पडवीत आणली. आईने मला, माझ्या धाकट्या भावाला आणि आजीला माजघरात नेऊन दार लावून घेतले आणि दाराला धान्याचे पिंप टेकवले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळाने किनारा ओलांडला आणि वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. माझ्या आठवणीत मात्र त्या वेळेचा फक्त आवाज आहे. आधी कौले सुटी सुटी उडत होती, मग रिपांसकट छपराचा एक मोठा भाग गेला आणि माजघराच्या वरच्या फळ्यांतून पाणी गळू लागले. बाहेर पोफळी मोडल्याचा कडकड आवाज सारखा येत होता, आणि त्यातच एखादा माड मुळासकट आडवा झाला की जमीन हादरायची. आजी भावाचे कान आपल्या हातांनी झाकून बसली होती आणि प्रत्येक आवाजाला ती झाड कोणते ते सांगत होती, "हा विहिरीकडचा माड", "ही जायफळाजवळची पोफळ", असे.

मध्ये वारा थोडा पडला तेव्हा बाबा बाहेर जायला निघाले आणि आईने त्यांना अक्षरशः धरून ठेवले. तिचे बरोबर होते. वादळाचे केंद्र वरून जाते तेव्हा वारा काही वेळ मंदावतो आणि नंतर दुसऱ्याच दिशेने येतो. आमच्याकडे आधी डोंगराच्या बाजूने आलेला वारा नंतर समुद्राकडून आला, आणि पहिल्या झोतात तिरकी होऊन तग धरलेली झाडे त्याने पाडली. मुलांच्या सुरक्षिततेविषयी आपण विचारले आहे म्हणून हे ठासून सांगते, की वारा पडल्यावर दार उघडायचे नाही आणि मुलांना तर खिडकीपाशीही जाऊ द्यायचे नाही.

संध्याकाळी दार उघडले तेव्हा ओटीवरून समुद्र दिसत होता. त्या ओटीवरून समुद्र दिसतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हते, कारण मधल्या वाड्यांतून, म्हणजे माड-पोफळींच्या बागांतून, ऊनसुद्धा कवडशांनीच खाली यायचे. गाय सुखरूप होती. माळ्यावरची सुपारी भिजली होती, आणि पुढे तिला बुरशी आली. त्यानंतर काही दिवसांतच पावसाळा सुरू झाला आणि आम्ही ताडपत्रीखाली राहिलो. वीज नव्हती, त्यामुळे पंप बंद होता आणि विहिरीचे पाणी हाताने शेंदावे लागत होते. मोबाइलचे मनोरे पडल्यामुळे काकांना आम्ही जिवंत असल्याचे कळायलाही उशीर झाला. त्या काळजीबद्दल मी त्यांना कधीही दोष देणार नाही.

काका आले ते वाडीतील आडवी झाडे कापून झाल्यावर. उघड्या जमिनीकडे पाहून ते म्हणाले, "आता जागा मोकळीच झाली आहे, तर पर्यटकांसाठी खोल्या बांधा, नाहीतर विकून टाका." त्यांचा हिशेब सरळ होता. बहुवार्षिक फळबागांची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 रुपये करण्यात आली होती, म्हणजे वीस गुंठ्यांच्या वाडीला 10,000 रुपये. नंतर झाडामागे मदत देण्याचे ठरले तेव्हा माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये धरण्यात आले. पोफळ लावल्यापासून पहिले पीक हाती यायला सहा-सात वर्षे लागतात आणि पुढे ती कित्येक दशके देत राहते, तेव्हा या रकमेत वाडी उभी राहत नाही, हे काकांचे म्हणणे मला तेव्हाही पटले होते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला आजही मान्य नाही.

आमच्या वाचलेल्या पोफळींवर दुसरे संकट आले ते उन्हाचे. सावली गेल्यावर दुपारनंतरचे ऊन थेट खोडांवर पडते, साल भाजते, चिरा जातात आणि वाऱ्यातून वाचलेले झाड हळूहळू मरते. आजीला हे ठाऊक होते. तिने आम्हा मुलांकडून पडलेल्या झावळ्या गोळा करून घेतल्या आणि उभ्या असलेल्या प्रत्येक पोफळीचे खोड पोहोचेल तिथपर्यंत त्या झावळ्यांनी बांधून काढले. सावलीसाठी तिने आधी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची रोपे लावली. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यापासून दूर समुद्रातून उत्तरेला गेले, तेव्हाही केळी पडल्या आणि त्या तिने पुन्हा लावल्या. काकांनी तिला फोनवर विचारले, "याचे पीक तू खाणार आहेस का?" ती म्हणाली, "मी खाल्ले ते तरी कुठे मी लावले होते?"

कोकणातील माणूस घराला का चिकटून राहतो, याचे माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे. घर त्याला पुन्हा बांधता येते, पण वाडी एका पिढीने लावून दुसरीच्या हाती द्यायची असते, आणि ती सोडून जाण्याचा सल्ला देणारे बहुधा तिच्या उत्पन्नावर शिकलेले असतात. काकांचे शिक्षण याच सुपारीवर झाले. मी आता दापोलीला कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सुट्टीत घरी गेले की झाडांभोवती पाण्यासाठी आळी करणे, मिरीचे वेल पोफळींवर चढवणे ही कामे माझ्याकडे असतात. वाडी विकण्याचा विषय घरात पुन्हा निघाला, तर मी आजीच्या बाजूने बोलेन, आणि काकांसमोर बोलेन.

आपल्या प्रश्नाबाबत एक गोष्ट सांगायची राहिली. आमचे घर किनाऱ्यापासून आत होते आणि भिंती जांभ्याच्या होत्या, म्हणून माजघर टिकले. किनाऱ्यालगत किंवा खाडीच्या काठी राहणाऱ्यांनी आमचे उदाहरण घेऊ नये, कारण तिथे वाऱ्याबरोबर समुद्राचे पाणीही चढते आणि भरतीची वेळ जुळली तर ते घरात शिरते. तिथे वादळाच्या आदल्या दिवशीच निघावे, जनावरांची दावी सोडावीत, औषधे आणि कागदपत्रे प्लास्टिकमध्ये बांधून सोबत घ्यावीत. मोठ्या झाडाखालचे घर किनाऱ्यापासून आत असले तरी सोडावे. आणि घरात दमेकरी माणूस असेल, तर निवाऱ्याऐवजी स्लॅबच्या घरात राहणाऱ्या शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे. आता आमचेही तसे ठरलेले आहे.