तुमचे प्रश्न : सुरवंट, ओकची झाडं आणि पहाटेचं हेलिकॉप्टर

यावेळी एकाच विषयावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. विषय म्हणजे स्पाँजी मॉथ, २०२२ पर्यंत ज्याला जिप्सी मॉथ म्हणायचे तो पतंग. पतंग स्वतः काहीच खात नाही, खातो त्याचा सुरवंट, आणि उत्तर अमेरिकेत झाडीतल्या वस्तीत ज्या वर्षी यांचं पीक येतं त्या वर्षी भर उन्हाळ्यात ओकची झाडं बोडकी दिसतात. मग नगरपालिका फवारणी काढते, दारावर नोटीस लागते, आणि वस्तीच्या ग्रुपवर भांडणं सुरू. प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढलीत.

प्रश्न : घरी दोन वर्षांचं मूल आहे, सासूबाईंना दमा आहे. नोटिशीत "जैविक" असं लिहिलंय, पण जैविक म्हणजे निरुपद्रवी असं थोडंच असतं?

नसतंच. विषारी अळंबीसुद्धा जैविकच असते, त्यामुळे त्या शब्दावर जाऊ नका, औषधाचं नाव बघा. बहुतेक ठिकाणी ते बीटीके असतं, पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी, मातीत सापडणारा एक जिवाणू. बीटी कापसातला बीटी म्हणजे हेच घराणं. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला रेशमाचे किडे पटापट का मरतायत हे शोधताना हा जिवाणू सापडला, म्हणजे अळ्या मारणं हा याचा मूळचाच धंदा आहे.

हा जिवाणू एका प्रोटीनचे बारीक स्फटिक बनवतो. अळीने पानाबरोबर ते खाल्ले की तिच्या आतड्यात ते विरघळतात, कारण अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. विरघळल्यावर ते प्रोटीन आतड्याच्या अस्तराला भोकं पाडतं, अळीचं खाणं काही तासांत बंद होतं आणि दोनपाच दिवसांत ती मरते. आपलं पोट आम्लधर्मी आणि ते प्रोटीन ज्याला चिकटतं तो भागही आपल्या आतड्यात नाही, म्हणून माणसाला, कुत्र्या-मांजराला, पक्ष्यांना, माशांना त्याने तसं होत नाही. वर उन्हात ते टिकत नाही, आठवड्याभरात त्याचा जोर गेलेला असतो.

आता सासूबाईंचं. पोटाचा प्रश्न नसला तरी हवेत बारीक थेंब असतात आणि त्यात जिवाणूसोबत इतरही पदार्थ मिसळलेले असतात, काहींना डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं होतं. फवारणीच्या वेळी खिडक्या बंद, बाहेरची हवा आत ओढणारा एसी किंवा पंखा बंद, आणि थेंब खाली बसेपर्यंत निदान अर्धा तास घरातच. दमा नेहमीच बळावत असेल किंवा घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. नोटिशीत बीटीकेऐवजी डायफ्लुबेन्झुरॉन किंवा दुसरं काही असेल तर मात्र वरचं सगळं लागू नाही, त्याचं काम वेगळं, ते अळीला कात टाकू देत नाही आणि पाण्यातल्या कोळंबीवर्गातल्या जिवांनाही मारतं, तेव्हा जवळ ओढा-तळं असेल तर नगरपालिकेला तोंडी नाही, लेखी विचारा.

प्रश्न : गाडीवर डाग पडतात का? परसातली भाजी खायची का? कुत्रं?

डाग पडतात, चिकट असतात, वाळायच्या आत साध्या पाण्याने धुतले तर निघतात. भाजी धुऊन खा, हेच औषध सेंद्रिय शेतीतही चालतं. कुत्र्याला तेवढा वेळ आत ठेवा. वाळत घातलेले कपडे आदल्या रात्रीच काढा, सकाळी आठवण राहत नाही.

प्रश्न : जूनअखेर आमची झाडं पार उघडी पडली, अंगणात बसलं की वरून विष्ठा पडायची. फोन केला तर म्हणे "आता फवारणी होत नाही". हा कामचुकारपणा नाही का?

राग समजतो. ज्यांनी ते अनुभवलेलं नाही त्यांना खरं वाटणार नाही पण मोठ्या उद्रेकात रात्री झाडाखाली उभं राहिलं तर रिमझिम पावसासारखा आवाज येतो आणि तो पाऊस नसून हजारो सुरवंटांची विष्ठा पानांवर पडत असते. तरीपण फोनवरच्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं.

बीटीके पोटात गेलं तरच काम करतं आणि लहान अळीवरच नीट करतं. अंडी वसंतात फुटतात, साधारण ओकला कोवळी पानं फुटतात तेव्हाच. बारक्या अळ्या झाडाच्या शेंड्याकडे चढतात, धाग्याला लोंबकळतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर, शेजारच्या घरावर, कुठेही जातात. त्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असतात तो काळ फवारणीचा. पानं फार लहान असली तर औषध बसायला जागा नाही, फार मोठी झाली तर तोवर अळीही मोठी झालेली. मधले थोडेच दिवस हाताशी असतात, त्यात पाऊस नको, वारा नको. म्हणूनच ते हेलिकॉप्टर पहाटे येऊन तुमची झोप मोडतं, त्या वेळी वारा पडलेला असतो आणि हवेत ओल असते.

जूनअखेर तुम्ही जो सुरवंट बघितलात, पाचसहा सेंटिमीटर लांब, केसाळ, पाठीवर आधी निळ्या ठिपक्यांच्या पाच जोड्या आणि मग लाल ठिपक्यांच्या सहा, त्याचं बहुतेक खाऊन झालेलं असतं आणि तो कोषात जायच्या तयारीत असतो. तेव्हा फवारणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. फोन करायचाच तर शरद ऋतूत करा. पानं गळली की फांद्यांवर, खोडावर, घराच्या वळचणीखाली फिकट पिवळट-तपकिरी स्पंजासारखे पुंजके दिसतात, एकेका पुंजक्यात शेकड्याने अंडी असतात, कधी हजाराच्याही घरात. पुढच्या वसंतात कुठे फवारायचं हे बहुतेक पालिका हेच पुंजके मोजून ठरवतात. तुमच्या गल्लीत मोजायला कुणी आलंच नाही तर तुमची गल्ली यादीत येणार कशी? फोटो काढा, पत्ता घाला, पाठवा.

प्रश्न : मागच्या वर्षी फवारलं, यंदा परत फवारणार. पैसे पाण्यातच ना?

सगळ्यात जास्त पत्रं याचीच, आणि माझ्या मते पालिकांचं इथेच चुकतं, त्या लोकांना नीट सांगतच नाहीत. अशा फवारणीचे दोन प्रकार असतात आणि त्यांचा हेतू पूर्ण वेगळा असतो.

एक म्हणजे नायनाट. नवीन पतंग बाहेरून आलाय, अजून छोट्या भागात आहे, पसरायच्या आत संपवायचा. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात १९९६ मध्ये व्हाइट-स्पॉटेड टसॉक मॉथ सापडला तेव्हा शहराच्या पूर्व भागावर परत परत बीटीके फवारलं आणि तो पतंग खरंच संपवला, पुढे काही वर्षांनी शहराच्या पश्चिमेला पेंटेड अ‍ॅपल मॉथचंही तेच केलं. लोकांना त्रास झाला, तक्रारीही झाल्या, पण काम शेवटाला गेलं.

दुसरा म्हणजे फक्त आवर घालणं. उत्तर अमेरिकेत स्पाँजी मॉथ १८६९ च्या सुमारास एटिएन ट्रूव्हेलो या माणसाने रेशमाच्या प्रयोगासाठी बॉस्टनजवळ मेडफर्डला आणला, त्याच्या घरून काही निसटले आणि वीसेक वर्षांत अख्खं गाव सुरवंटांनी भरलं. इतका जुना पाहुणा आता जायचा नाही. अशा ठिकाणच्या फवारणीचा हेतू एवढाच की या वर्षीची पानं वाचावीत. ओक एकदा बोडका झाला तर जुलैत परत पालवतो, पण लागोपाठ दोनतीन वर्षं तेच झालं आणि मध्ये दुष्काळ पडला तर वाळतो. पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांना तर एकदाच पुरे होतं. तेव्हा "किडा गेला का?" हा प्रश्न इथे चुकीचा, "पानं राहिली का?" हे विचारा. राहिली असतील तर पैसे कामी आले.

उद्रेक शेवटी आपोआप ओसरतो, बहुतेकदा दोनतीन वर्षांत, एका विषाणूमुळे आणि एका बुरशीमुळे. ही बुरशी, एंटोमोफागा मायमायगा, उत्तर अमेरिकेत १९८९ मध्ये पहिल्यांदा लक्षात आली आणि वसंत ओला गेला की ती जोरात पसरते. तुम्ही स्वतः बघू शकता. खोडावर मेलेला सुरवंट मधल्या पायांनी चिकटून दोन्हीकडे लोंबतोय, उलट्या व्हीसारखा, तर तो विषाणू. डोकं खाली करून सरळ लोंबतोय, वाळलेला, तर बुरशी. असे भरपूर दिसायला लागले की पुढच्या वर्षी फवारणी करण्याआधी अंडी परत मोजा असं पालिकेला जरूर सांगा. मागच्या वर्षी होती म्हणून यंदाही, ही सवय वाईट.

प्रश्न : मला माझ्या झाडांवर काहीच नकोय. नाही म्हणता येतं का?

तुमच्या ठिकाणच्या नियमावर आहे. आवर घालायच्या फवारणीत बऱ्याच पालिका लेखी हरकत घेतात आणि तुमची जागा वगळतात, पण हेलिकॉप्टरला कुंपण दिसत नाही, त्यामुळे तुमच्यासोबत शेजाऱ्याचीही थोडी झाडं सुटतात. त्याच्याशी आधी बोलून घ्या. नायनाटाच्या फवारणीत सहसा सूट नसते, कारण एक झाड सुटलं तरी सगळी मेहनत वाया.

आणि नाही म्हणणाऱ्यांना वेड्यात काढू नका, ही भीती हवेतून आलेली नाही. १९५७ मध्ये याच पतंगासाठी अमेरिकेत विमानांनी डीडीटी फवारलं, घरांवर, बागांवर, दुभत्या जनावरांच्या कुरणांवर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली, त्यात सगळ्यात पुढे होते पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी. खटला हरले, पण डीडीटीविरुद्धची चळवळ त्यातूनच तापली आणि १९७२ मध्ये अमेरिकेने ते शेतीसाठी बंद केलं. बीटीके म्हणजे डीडीटी नव्हे, पण लोकांना न विचारता वरून काहीतरी टाकायचं ही पद्धत तीच राहिली तर लोक चिडणारच.

प्रश्न : फुलपाखरं आणि मधमाश्या?

मधमाश्यांना बीटीकेने काही होत नाही. फुलपाखरांबद्दल मात्र "पूर्ण सुरक्षित" असं छापतात ते मला पटत नाही. बीटीके पतंग आणि फुलपाखरं यांच्याच अळ्यांवर चालतं, त्या काळात त्या झाडावर जी कुठली अळी पान खात असेल ती मरणार, आपली असो की परकी. पिल्लांना अळ्या भरवणाऱ्या पक्ष्यांचंही खाणं काही दिवस कमी होतं. दुर्मिळ फुलपाखरांची जागा जवळ असेल तर तेवढा पट्टा वगळायला सांगा, ही मागणी रास्त आहे. दुसऱ्या बाजूने, अख्खी झाडी बोडकी झाली तर त्याच बाकीच्या अळ्यांना खायला पान उरत नाही, हेही धरा.

प्रश्न : फवारणीची वाट न बघता आम्ही काय करू शकतो?

पानगळीपासून वसंतापर्यंत अंड्यांचे पुंजके खरवडा, जुना चाकू किंवा पट्टी चालते. जमिनीवर पाडून सोडू नका, तिथेही ती जगतात. साबणाच्या पाण्याच्या डब्यात पाडा आणि दोन दिवस तसंच ठेवा. सरपणाच्या ढिगात, गाडीच्या चाकांवरच्या खोबणीत, बाकड्याच्या खालीही बघा, ही अंडी गावोगाव पोचतात ती अशीच.

सुरवंट मोठे झाले की दिवसा खाली उतरून लपतात आणि रात्री वर चढतात. छातीच्या उंचीवर खोडाला गोणपाट गुंडाळा, मध्ये सुतळी बांधा आणि वरचा भाग खाली दुमडा. ऊन चढल्यावर ते त्या दुमडीत जमतात, मग दुपारी काढून साबणाच्या पाण्यात टाका, रोज टाका, एक दिवस विसरलात तर तुम्ही त्यांना आयतं घर बांधून दिलंत. बाजारात मिळणारे गंधाचे सापळे फक्त नर पकडतात, किती आहेत ते मोजायला ठीक, झाड त्याने वाचत नाही. बोडक्या झालेल्या झाडाला कोरड्या दिवसांत पाणी द्या.

आणि हातमोजे घाला, या केसांनी पुरळ येते. युरोपातल्या वाचकांच्या ओकवर रेशमी जाळ्याचं घरटं आणि एकामागे एक रांगेने चालणारे सुरवंट दिसत असतील तर ते वेगळं प्रकरण आहे, ओक प्रोसेशनरी मॉथ, लंडनमध्ये २००६ पासून आहे. त्याचे केस हवेत उडतात, डोळे आणि श्वास दोन्हीला त्रास देतात आणि रिकाम्या घरट्यातही राहतात. तिथे वरचं गोणपाट, चाकू काही करू नका, मुलांना लांब ठेवा आणि फोन लावा.