मिशिगन विद्यापीठाने १९०७ मध्ये बिग टेन (अमेरिकेतल्या विद्यापीठांचा क्रीडा-गट) का सोडलं? हकालपट्टी झाली होती का?

मुख्य कारण १९०६ चे नवे नियम. अमेरिकन फुटबॉलमधली हाणामारी आणि पैशाचा शिरकाव वाढल्यामुळे या गटातल्या विद्यापीठांनी हंगाम जेमतेम पाच सामन्यांचा केला, खेळाडूला तीनच वर्षं खेळायची मुभा ठेवली आणि प्रशिक्षक हा विद्यापीठाचा नियमित शिक्षकच हवा असं ठरवलं. तीन वर्षांचा नियम मागील प्रभावाने लागू झाल्यामुळे संघातले अनुभवी खेळाडू एका फटक्यात बाद ठरत होते. शिवाय प्रशिक्षक फील्डिंग योस्ट फक्त हंगामापुरते येत, म्हणजे त्यांचीही पंचाईत. ज्या माणसाच्या संघाने १९०१ च्या हंगामात ५५० गुण केले आणि एकही दिला नाही, त्याला सोडायला कोण तयार होणार? गंमत म्हणजे सुधारणांची ती बैठक बोलावली होती मिशिगनचेच अध्यक्ष जेम्स एंजेल यांनी.

मात्र सरळ हकालपट्टी म्हणणं बरोबर नाही. नियम न पाळल्यामुळे संबंध ताणले होते हे खरं, पण विद्यापीठातच दोन तट होते: प्राध्यापकांचा कल गटात राहण्याकडे, तर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि नियामक मंडळाचा बाहेर पडण्याकडे. पुढे पेनसिल्व्हेनिया, कॉर्नेल अशा पूर्वेकडच्या संघांशी सामने खेळून मिशिगनने वेळ निभावली आणि १९१७ मध्ये परत आलं. ओहायो स्टेट १९१२ मध्येच आलेलं असल्यामुळे सदस्य दहा झाले ते तेव्हा.