महाकाय दीर्घिका दोन दीर्घिकांच्या टकरीतून तयार होतात का? मग शेजारच्या देवयानी दीर्घिकेशी टक्कर झाल्यावर आपली आकाशगंगाही तशीच महाकाय होईल का?

टक्कर हे उत्तर अपुरे आहे, आणि ते ज्या ठामपणे सांगितले जाते त्या ठामपणाला तर काहीच आधार नाही. आपल्या पहिल्या प्रश्नावर मला सविस्तर लिहावेच लागेल, कारण त्याच प्रश्नावरून मला एकदा भर सभेत खाली बसवण्यात आले होते.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या नववीतल्या एका मुलीने दीर्घिकांच्या वाढीचा तक्ता मांडला होता. त्यात एका बाजूला सुमारे 1000 कोटी वर्षांपूर्वीची लहान, घट्ट दीर्घिका होती आणि दुसऱ्या बाजूला आजची ऐसपैस पसरलेली लंबवर्तुळाकार दीर्घिका. तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत, दिवसभर आईवडिलांसोबत शेतात राबून, तिने तो रात्री जागून काढला होता. शहरातून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितले की हा तक्ता चुकीचा आहे. दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की महाकाय दीर्घिका तयार होते, एवढेच मुलांनी लक्षात ठेवावे. मी उभा राहून म्हणालो की सर, टकरीने रूप बदलते हे मान्य आहे, पण एवढा विस्तार टकरीने येत नाही. त्यावर त्यांनी माईकवरूनच, खेड्यातल्या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकापुरते बोलावे, असे ऐकवले. सभा हसली. ती मुलगी बक्षीस समारंभाला थांबली नाही, आणि मला आजही राग आहे तो त्याचाच.

तक्ता बरोबर होता. 1970च्या दशकात आलार आणि यूरी टूमरे या भावांनी संगणकावर दाखवले की टकरीत दीर्घिकांच्या चपट्या तबकड्या मोडतात, ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघतात आणि शेवटी लंबवर्तुळाकार रूप येऊ शकते. पाहुण्यांचे ज्ञान तिथेच थांबले होते. पुढे 2005 नंतर, विश्व आजच्या चतुर्थांश वयाचे असतानाच्या अशा महाकाय दीर्घिका सापडू लागल्या ज्यांत ताऱ्यांची निर्मिती जवळजवळ थांबली होती, आणि आजच्या तेवढ्याच वस्तुमानाच्या दीर्घिकांपेक्षा त्या कित्येक पटींनी लहान होत्या. खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हान डोक्कुम आणि सहकाऱ्यांनी 2010 साली मांडले की तेव्हापासून आजवर अशा दीर्घिकांचे वस्तुमान सुमारे दुप्पट झाले, त्रिज्या मात्र सुमारे चौपट झाली, आणि गाभ्यातले वस्तुमान जवळपास तेवढेच राहिले.

आता साधा हिशोब करा. बरोबरीची दीर्घिका येऊन मिळाली तर वस्तुमान दुप्पट होते आणि त्रिज्याही साधारण दुप्पटच होते. तेवढेच वस्तुमान अनेक लहान दीर्घिकांच्या रूपाने आले तर त्रिज्या चौपटीकडे जाते, कारण लहान दीर्घिका मोठीच्या गुरुत्वाने बाहेरच विस्कटतात आणि त्यांचे तारे कडेलाच राहतात. हे गणित थोर्स्टेन नाब, पीटर योहान्सन आणि जेरेमिया ऑस्ट्रायकर यांनी 2009 सालीच मांडले होते. आमच्याकडच्या जुन्या घरांत माजघर तसेच राहून भोवती सपऱ्या वाढत जातात, तशी ही वाढ आहे. ययाती दीर्घिका-समूहातली एनजीसी 1277 ही दीर्घिका अशी की तिच्याभोवती सपरी उभीच राहिली नाही. ती घट्ट आहे, तिचे तारे जुने आहेत, आणि लहान दीर्घिकांबरोबर येणारे निळसर गोलाकार तारकागुच्छ तिच्याजवळ जवळजवळ नाहीतच.

मोठ्या दीर्घिकांत नवे तारे का बनत नाहीत, याचे उत्तर बहुतांशी मध्यवर्ती कृष्णविवराच्या ऊर्जेत आहे. ती ऊर्जा भोवतीचा वायू थंड होऊ देत नाही. ययाती समूहाच्याच मध्यावर, एनजीसी 1275 या दीर्घिकेभोवतीच्या तप्त वायूत या ऊर्जेने पडलेल्या पोकळ्या चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण चित्रांत स्पष्ट दिसतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगतो की देवयानीशी टक्कर आता निश्चित मानली जात नाही. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार येत्या 1000 कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे, आणि झाली तरी त्यातून एम 87 या महाकाय दीर्घिकेएवढी दीर्घिका तयार होणार नाही.

दोन गोष्टी मात्र नोंदवायलाच हव्यात. सरासरी विस्तार वाढलेला दिसतो त्यात काही वाटा ताऱ्यांची निर्मिती उशिरा थांबलेल्या, मुळातच मोठ्या असलेल्या दीर्घिकांचा आहे. आणि सर्वांत जड दीर्घिकांच्या मधोमध तारे विरळ दिसतात ते बहुधा बरोबरीच्या टकरींमुळेच, कारण तेव्हा दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरताना जवळचे तारे बाहेर फेकतात. म्हणजे टकरीला स्थान आहे. सगळे श्रेय तिला देता येत नाही. यापुढे कोणी व्यासपीठावरून टक्कर हेच उत्तर सांगितले, तर आपण उभे राहून विचारावे की वस्तुमान दुप्पट होताना त्रिज्या चौपट कशी झाली, आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नये.