आधी एरर नंबर वाचा, मग फाइल उघडा: ओरॅकल क्लायंटविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक सर्व्हरवर ओरॅकलचा इन्स्टंट क्लायंट (दुसऱ्या मशीनवरच्या ओरॅकल डेटाबेसला जोडून घेणाऱ्या लायब्ररींचा संच) बसवण्याबद्दल आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाकायची. ‘डॉट’, ‘स्लॅश’ हे शब्द त्या त्या चिन्हाच्या जागी वाचावेत.

प्रश्न : आमचा डेटाबेस १९सी आहे आणि तो वेगळ्या मशीनवर आहे. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर रॉकी लिनक्स ८ चा. त्यावर क्लायंट नेमका कोणता आणि कसा बसवायचा? झिप उघडून एसक्यूएलप्लस (डेटाबेसला आज्ञा देण्याचं टर्मिनलवरचं साधन) चालवलं तर ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ सापडत नाही म्हणतं. (नाशिक)

आधी क्लायंट लागतो का ते बघा. अ‍ॅप्लिकेशन जावात असेल तर जेडीबीसी थिन ड्रायव्हरची जार फाइल पुरते. पायथनमध्ये असेल तर २०२२ पासून सीएक्स_ओरॅकलची जागा घेतलेला पायथन-ओरॅकलडीबी मूळच्या ‘थिन’ मोडमध्ये क्लायंटशिवायच डेटाबेस १२.१ आणि पुढच्या आवृत्त्यांना जोडतो. क्लायंट खरोखर लागतो तो एसक्यूएलप्लससाठी, पीएचपीच्या ओसीआय८ साठी आणि ओडीबीसीसाठी (एक्सेलसारख्या प्रोग्रामना डेटाबेसशी जोडणारा दुवा). डेटाबेसवाल्यांनी ओरॅकलचं स्वतःचं नेटवर्क एन्क्रिप्शन सक्तीचं केलं असेल तर पायथनलाही ‘थिक’ मोड आणि त्यासोबत क्लायंट घ्यावाच लागतो. गरज नसताना बसवलेला क्लायंट म्हणजे पुढची दहा वर्षं पॅच करत बसायची आणखी एक वस्तू.

लागतोच असं ठरलं तर आवृत्ती निवडा. क्लायंट १९ हा ११.२ पासून पुढच्या डेटाबेसना जोडतो, २१ हा १२.१ पासून आणि २३ हा फक्त १९ पासून पुढे. तुमचा डेटाबेस १९सी असल्यानं तिन्ही चालतील. पण त्याच सर्व्हरवरून एखाद्या जुन्या ११.२ कडेही जायचं असेल तर १९ च घ्या.

‘बेसिक’ पॅकेज घ्या. ‘बेसिक लाइट’ आकारानं लहान असतं, पण त्यात एरर संदेश फक्त इंग्रजीत असतात आणि कॅरेक्टर सेट मोजकेच. एसक्यूएलप्लस हे वेगळं पॅकेज आहे. ते बेसिकच्या अगदी त्याच आवृत्तीचं हवं, आणि झिप असेल तर दोन्ही एकाच फोल्डरमध्ये उघडायची. एक १९.८ आणि दुसरं १९.१९ असा काला केला की न समजणारे एरर येतात.

रॉकी लिनक्सवर झिपपेक्षा आरपीएम सोयीचं. १९.३ पासूनचं आरपीएम लायब्ररीचा मार्ग स्वतःच सिस्टीमला कळवतं. झिपच हवी असेल तर ती ऑप्ट स्लॅश ओरॅकलमध्ये उघडा, ईटीसीमधल्या ‘एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी’ फोल्डरात एक फाइल करून त्यात त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग एका ओळीत लिहा आणि रूट म्हणून ‘एलडीकॉन्फिग’ चालवा. मग ‘एलडीकॉन्फिग -पी’ च्या यादीत ‘लिबसीएलएनटीएसएच’ दिसलं पाहिजे. बरेच जण याऐवजी ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ प्रोफाइलमध्ये टाकतात. त्यानं स्वतःच्या लॉगिनवर काम होतं. पण सुडो तो गाळून टाकतो आणि सर्व्हिसला तो मिळतच नाही. मशीनवर दोन वेगळे क्लायंट नांदत असतील तेव्हाच तो मार्ग धरा.

तुमचा नेमका एरर: क्लायंटच्या फोल्डरात जाऊन लिबसीएलएनटीएसएचवर ‘एलडीडी’ चालवा. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ येईल ती लायब्ररी कमी आहे. रॉकी ८ वर क्लायंट १९ साठी सहसा दोनच निघतात, लिबएआयओ आणि लिबएनएसएल. दोन्ही डीएनएफनं बसतात. उबुंटू २४.०४ वर एक गंमत आहे. तिथे लिबएआयओच्या पॅकेजच्या आणि फाइलच्याही नावाला शेवटी ‘टी६४’ लागलं आहे, त्यामुळे पॅकेज बसूनही क्लायंट ‘लिबएआयओ डॉट एसओ डॉट १’ शोधत राहतो. त्या जुन्या नावाची सिमलिंक करून दिली की भागतं. अल्पाइनच्या कंटेनरमध्ये मात्र हा खटाटोप करू नका. तिथे ग्लिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) नसते आणि हा क्लायंट तिच्यावरच उभा आहे. बेस इमेजच बदला.

प्रश्न : टीएनएसनेम्स फाइल (डेटाबेसची नावं आणि त्यांचे पत्ते असलेली) दहा वेळा तपासली तरी कधी एरर १२१५४, कधी १२५१४, तर कधी १२१७० येतो. नेमकी चूक कुठे शोधायची? (कोल्हापूर)

प्रत्येक वेळी टीएनएसनेम्स फाइल उघडू नका. तुमची विनंती कुठवर जाऊन अडली हे नंबरच सांगतो.

१२१५४ म्हणजे ती घराबाहेरच पडली नाही. क्लायंटला तुम्ही दिलेल्या नावाचा अर्थ लागला नाही. नेटवर्क, फायरवॉल, डेटाबेस यांचा इथे काहीही संबंध नाही. ‘टीएनएस_अ‍ॅडमिन’ हे व्हेरिएबल दिलं नसेल तर इन्स्टंट क्लायंट स्वतःच्या लायब्ररीखालच्या ‘नेटवर्क स्लॅश अ‍ॅडमिन’ फोल्डरात बघतो, आणि आपण फाइल भलतीकडेच ठेवलेली असते. ती फाइल चालवणाऱ्या युजरला वाचता येते का हेही पाहा. रूटनं ६०० परवानगीनं ठेवलेली फाइल अ‍ॅप्लिकेशनच्या युजरच्या लेखी नसल्यातच जमा. फाइलमध्ये नाव ओळीच्या पहिल्या रकान्यात सुरू झालं पाहिजे. आधी एक स्पेस पडली तरी ती ओळ मागच्या नोंदीचाच भाग धरली जाते. एक कंस कमी पडला तर त्याच्या खालच्या नोंदीही बुडतात. एसक्यूएलनेट डॉट ओरा या क्लायंटच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये ‘नेम्स डॉट डिफॉल्ट_डोमेन’ लिहिलं असेल तर तुमच्या नावाला शेपूट जोडून शोध घेतला जातो, आणि तेही सापडत नाही. सगळ्यात फसवं कारण म्हणजे पासवर्डमधलं ‘@’ चिन्ह. क्लायंटला तिथेच पासवर्ड संपला असं वाटतं आणि उरलेला भाग तो डेटाबेसचं नाव म्हणून शोधतो. पासवर्ड दुहेरी अवतरणात घाला आणि शेलनं ती अवतरणं खाऊ नयेत म्हणून बाहेरून एकेरी लावा. त्याहून बरं, पासवर्ड कमांडवर लिहूच नका. तो शेलच्या हिस्टरीत राहतो.

१२१७० म्हणजे वाटेत हरवली: टाइमआउट, बहुधा फायरवॉल. इन्स्टंट क्लायंटसोबत टीएनएसपिंग हे जोडणी तपासायचं साधन येत नाही, म्हणून ‘एनसी -झेडव्ही’ नं त्या मशीनचं १५२१ पोर्ट लागतं का ते बघा. डेटाबेस ‘रॅक’ (एकच डेटाबेस अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर, चालवणारी रचना) असेल तर इथे हमखास घोळ होतो. ‘स्कॅन’ या सगळ्या नोडसाठीच्या एकाच नावामागे साधारण तीन पत्ते असतात, आणि स्कॅन लिसनर (जोडणीच्या विनंत्या ऐकणारा प्रोग्राम) तुम्हाला एखाद्या नोडच्या व्हीआयपीकडे (व्हर्च्युअल आयपी पत्त्याकडे) पाठवतो. नेटवर्कवाल्यांनी फक्त स्कॅनचे पत्ते उघडले असतील तर एनसी पास होतं आणि जोडणी मात्र लटकते. दोन नोड असतील तर अर्जात पाच पत्ते लिहा, आणि व्हीआयपीची नावं तुमच्या सर्व्हरवर डीएनएसनं उलगडतात हेही पाहा.

१२५४१ : मशीन भेटलं, पण त्या पोर्टवर लिसनर ऐकत नाही. एक तर पोर्ट चुकलं, नाहीतर लिसनर बंद आहे.

१२५१४ : लिसनर भेटला, पण त्याला ती सर्व्हिस ठाऊक नाही. १२५०५ हे त्याचंच भावंड. तिथे तुम्ही सर्व्हिसऐवजी एसआयडी (डेटाबेस इन्स्टन्सचं नाव) दिलेला असतो. प्लगेबल डेटाबेसला (मोठ्या डेटाबेसच्या पोटात राहणाऱ्या) सर्व्हिस नेमच द्यायचं, एसआयडी नाही. जुन्या सर्व्हरवरून नक्कल केलेल्या टीएनएस नोंदीत ही चूक घर करून असते. डेटाबेसवाल्यांकडून ‘एलएसएनआरसीटीएल सर्व्हिसेस’ चं आउटपुट मागवा आणि नाव डोमेनच्या शेपटासकट जसंच्या तसं घ्या. डेटाबेस नुकताच सुरू झाला असेल तर मात्र मिनिटभर थांबा. नोंदणी व्हायला साठ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो.

०१०१७ आला तर खुश व्हा: जोडणी झाली, फक्त युजर किंवा पासवर्ड चुकलाय. २८०४० आला तर क्लायंट फार जुना आहे. त्याची लॉगिनची पद्धत नव्या डेटाबेसला मान्य नाही.

टीएनएस फाइलीवरच संशय असेल तर तिला बाजूला ठेवून थेट ‘युजर@//होस्ट:१५२१/सर्व्हिस’ अशी जोडणी करून बघा. ती लागली तर दोष फाइलीत आहे, आणि मग ती अकराव्या वेळी तपासायला हरकत नाही.

प्रश्न : पतसंस्थेच्या खातेदारांची नावं मराठीत आहेत. वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये नीट दिसतात, पण सर्व्हरवर एसक्यूएलप्लसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं. शिवाय काही नावं भरताना १२८९९ येतो. डेटा बिघडला का? (अमरावती)

बहुधा नाही, पण नुसतं बघून सांगता येत नाही, बाइट बघा. आधी ‘एनएलएस_डेटाबेस_पॅरामीटर्स’ मधून ‘एनएलएस_कॅरेक्टरसेट’ काढा. तो ‘एएल३२यूटीएफ८’ असेल तर एखाद्या नावावर साठवलेले बाइट दाखवणारं ‘डम्प’ फंक्शन चालवा. ‘म’ हे अक्षर २२४,१६४,१७४ असं दिसलं तर डेटा शाबूत आहे आणि घोळ फक्त दाखवण्यात आहे. २३९,१९१,१८९ हे त्रिकूट पुन्हा पुन्हा दिसलं, किंवा नुसतेच ६३ दिसले, तर नाव भरतानाच गेलं. ते कुठल्याही सेटिंगनं परत येणार नाही, कागदावरून पुन्हा भरावं लागेल.

दाखवण्यातला घोळ येतो ‘एनएलएस_लँग’ मुळे. लिनक्सवर हे व्हेरिएबल दिलंच नाही तर क्लायंट स्वतःला सात बिटांचा अमेरिकन आस्की समजतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. ते ‘अमेरिकन_अमेरिका डॉट एएल३२यूटीएफ८’ करा. त्याच वेळी टर्मिनलही यूटीएफ-८ वर हवं: सर्व्हरचं ‘लँग’ आणि पुट्टीमधलं ट्रान्सलेशन सेटिंग, दोन्ही.

इथे एक गैरसमज चिवट आहे. एनएलएस_लँगमध्ये डेटाबेसचा कॅरेक्टर सेट लिहायचा असतो, असं अनेक मार्गदर्शिका छातीठोकपणे सांगतात. नाही. तिथे तुमचं टर्मिनल किंवा प्रोग्राम कुठल्या एन्कोडिंगमध्ये बोलतो ते लिहायचं. समजा डेटाबेस पाश्चात्त्य ‘डब्ल्यूई८एमएसविन१२५२’ चा आहे आणि तुम्ही एनएलएस_लँगही तोच ठेवलात. दोन्हीकडे एकच नाव दिसल्यावर ओरॅकल कसलंच रूपांतर न करता बाइट जसेच्या तसे आत ढकलतो. तुमच्या टर्मिनलवर मराठी झकास दिसते, डम्पमध्येही २२४,१६४,१७४ येतात. जावाचा प्रोग्राम मात्र त्या प्रत्येक बाइटला एकेक लॅटिन अक्षर समजतो आणि गिचमिड दाखवतो. म्हणूनच कॅरेक्टर सेट आधी बघायला सांगितलं. असा डेटाबेस निघाला तर निदान नवे रकाने एनव्हारचार२ करा, आणि पूर्ण डेटाबेस युनिकोडवर नेण्याचा विषय वरिष्ठांपुढे मांडा.

१२८९९ म्हणजे मजकूर रकान्यात मावत नाही, आणि त्याचं कारण वेगळं. ‘व्हारचार२(३०)’ म्हणजे मुळात तीस बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि हलन्त तीन-तीन बाइट घेतो. ‘मराठी’ १५ बाइटांचं. ‘महाराष्ट्र’ दिसायला लहान, पण दोन हलन्त धरून दहा वर्ण, म्हणजे बरोबर ३० बाइट. ‘महाराष्ट्र राज्य’ ४६ वर जातं आणि आपटतं. रकाना ‘व्हारचार२(३० चार)’ असा बदला. त्यानं जुन्या डेटाला धक्का लागत नाही. तरीही जोडाक्षरांच्या नावांना तीस वर्ण तोकडेच पडतात, शंभर ठेवा.

प्रश्न : स्क्रिप्ट हातानं चालवली की चालते, क्रॉनमधून चालत नाही. (पणजी)

क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) तुमचं बॅशआरसी, म्हणजे लॉगिनवरची शेल सेटिंग, वाचत नाही. एनएलएस_लँग, टीएनएस_अ‍ॅडमिन आणि ‘पाथ’ स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एक्सपोर्ट करा. सिस्टीमडीच्या सर्व्हिससाठी युनिट फाइलमध्ये ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ वापरा. पीएचपी-एफपीएम मुळातच बाहेरचं एन्व्हायर्नमेंट पुसतं, तेव्हा ही व्हेरिएबल्स पूलच्या कॉन्फमध्ये वेगळी लिहावी लागतात.

पासवर्ड बदललात की आधी क्रॉन थांबवा. डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये दहा चुकीचे प्रयत्न झाले की खातं लॉक होतं. दर पाच मिनिटांनी चालणारी स्क्रिप्ट तासाच्या आत ते काम उरकते आणि सकाळी सगळ्यांना २८००० दिसतो. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये नकोच असेल तर वॉलेट (पासवर्ड जपून ठेवणारी ओरॅकलची सोय) वापरा. ते बनवणारं ‘एमकेस्टोअर’ इन्स्टंट क्लायंटमध्ये नसतं, म्हणून पूर्ण क्लायंट असलेल्या मशीनवर बनवून आणा. एसक्यूएलनेट डॉट ओरामध्ये वॉलेटची जागा आणि ‘वॉलेट_ओव्हरराइड’ ट्रू द्या. मग ‘/@नाव’ एवढंच पुरतं. ‘सीवॉलेट डॉट एसएसओ’ ला ६०० परवानगी द्यायला विसरू नका. ती फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्ड विचारला जात नाही.

प्रश्न : जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली क्वेरी अडकते किंवा एरर ०३१३५ (जोडणी तुटली) देते. (बंगळुरू)

मधला फायरवॉल निवांत पडलेली जोडणी गुपचूप विसरतो आणि दोन्ही टोकांना कळवत नाही. लिनक्सचं कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते तपासणारी सोय) ७२०० सेकंदांनी जागं होतं, तोवर उशीर झालेला असतो. क्लायंट १९ असेल तर टीएनएस नोंदीच्या डिस्क्रिप्शनमध्ये ‘एक्स्पायर_टाइम’ १० ठेवा. आकडा मिनिटांत आहे. जुन्या क्लायंटला ‘इनेबल = ब्रोकन’ द्या आणि कर्नलचं ‘टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम’ ६०० करा. जुन्या क्लायंटच्या या दोन गोष्टींपैकी एकच केली तर उपयोग नाही. एरर ०२३९६ असेल तर मात्र फायरवॉलला दोष देऊ नका. ती डेटाबेसच्या प्रोफाइलमधली निवांत वेळेची मर्यादा आहे.

प्रश्न : विंडोज सर्व्हरवर ओडीबीसी ड्रायव्हर बसवला, टेस्ट पास झाली, तरी एक्सेल ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ म्हणतं. (सोलापूर)

एक्सेल ३२ बिटांचं आहे आणि ड्रायव्हर ६४ चा. विंडोजवर ओडीबीसीचे दोन प्रशासक असतात आणि दोघांच्या फाइलीचं नाव एकच. सिस्टीम३२ फोल्डरातला ६४ बिटांचा, सिसवॉव६४ मधला ३२ बिटांचा. होय, उलटंच आहे. ३२ बिटांचा इन्स्टंट क्लायंट आणि त्याचं ओडीबीसी पॅकेज वेगळ्या फोल्डरात उघडा, तो फोल्डर पाथमध्ये घाला, तिथूनच ‘ओडीबीसी_इन्स्टॉल’ चालवा आणि डीएसएन (जोडणीची नोंद) सिसवॉव६४ मधल्या प्रशासकात करा.