एचएलएस लाइव्हमध्ये सेगमेंटना साधे क्रमांक द्यावेत की तारीख-वेळ? आणि प्लेलिस्ट किती लांब ठेवावी?

एचएलएसमध्ये लाइव्हचे छोटे तुकडे, म्हणजे सेगमेंट, होतात आणि प्लेअर त्यांची यादी, म्हणजे प्लेलिस्ट, वाचून ते मागवतो. तुम्ही एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅमने लाइव्ह करता, मध्ये सीडीएन आहे (मागितलेल्या फाईलींची प्रत ठेवून प्रेक्षकांना देणारे सर्व्हर), आणि सेगमेंटची नावं कशी ठेवावीत नि एचएलएस_लिस्ट_साइझ, म्हणजे यादीत किती सेगमेंट, किती असावं, एवढंच तुम्हाला हवंय. पण शेवटी लिहिलंय की ऑफिसातले सीनियर म्हणतात, "नावाने काय फरक पडतो, प्लेअर प्लेलिस्ट वाचतो." त्या वाक्यासाठी लिहायला बसलोय.

फरक पडतो. मी भोगलाय.

सोलापुरात आमचं व्हिडिओ शूटिंगचं काम आहे. धंदा दाजींचा, कॅमेरे त्यांचे, लाइव्हचं तेवढं माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या वेळी, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, काही घरांनी मिळून बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी लाइव्ह मागितलं. पहिला दिवस 68 लिंगांच्या तैलाभिषेकाचा. कॅमेरा विजापूर वेशीत एका घराच्या गॅलरीत. दुसरा दिवस भोगीचा, संमती कट्ट्यावरच्या अक्षतांचा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा. कॅमेरा तळ्याच्या बाजूला गच्चीवर.

नावं दाजींनी ठरवली होती: "लाइव्ह" आणि पुढे टक्का-शून्य-तीन-डी. लाइव्ह000, लाइव्ह001, असं. मी म्हटलं, तारीख घालू या. म्हणाले, "एडिटिंगला ओळीने बसतात की. उगं लांबड लावू नको." घरच्या जावयाशी किती वाद घालणार, गप्प बसलो.

भोगीला दुपारी एन्कोडर नव्याने सुरू केला. फोल्डर तोच, नावं तीच, पुन्हा 000 पासून. प्लेलिस्ट दर दोन सेकंदांनी ताजी व्हायची, पण सेगमेंट सीडीएनवर सात दिवस कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या प्रतींत, राहतील असं मीच लावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. एका नावाचा सेगमेंट पुन्हा बदलणार नाही, याच भरवशावर तर ती कॅश चालते. तो भरवसा आम्ही मोडला. सीडीएनने लाइव्ह000 मागितल्यावर कालचा लाइव्ह000 काढून दिला. काल जे तुकडे कुणी पाहिले नव्हते तेवढे आजचे जायचे. थोडा वेळ कट्टा, मध्येच विजापूर वेस, परत कट्टा.

आम्हाला मात्र पत्ताच नाही. आमच्या लॅपटॉपवरचा प्रीव्ह्यू थेट डिस्कवरून चालत होता, तिथे सगळं ठीक.

आत्याचा पुण्याहून फोन आला. ती टीव्हीसमोर पाटावर बसली होती, मुठीत अक्षता घेऊन. दरवर्षी कट्ट्यावर "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की ती तिथून टाकते. म्हणाली, "अरे, हे काल झालंय ना? हा गॅलरीतला निळा टॉवेल मी काल पाहिलाय." मी फोल्डर बदलून नवी लिंक पाठवेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. तिने नंतर मुठीतल्या अक्षता देवघरात वाहिल्या. मला एक शब्द बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

दाजी आजही लोकांना सांगतात, त्या दिवशी नेट गेलं होतं. नेट गेलं नव्हतं. अपलोडचे आकडे माझ्याकडे आहेत, एकदाही खंड नाही.

दुसरं नुकसान रात्री कळलं. आजच्या फाईलींनी डिस्कवर कालच्या फाईलींवरच लिहिलं होतं. वेगळं रेकॉर्डिंग नव्हतं. काल ज्यांनी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली मानाची उंच काठी, पेलला होता त्यांच्यातल्या एकाच्या मुलाने बेंगळुरूहून वडिलांचं ते चित्रण मागितलं होतं. त्यांचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढे खांदा झेपणार नव्हता. मी रात्रभर सीडीएनवरून एकेक क्रमांक मागवत बसलो, कारण कालचं जे काही उरलं होतं ते आता फक्त त्या कॅशमध्ये होतं. लोकांनी जे पाहिलं होतं तेवढंच सापडलं. वेशीतल्या वळणाचे अकरा तुकडे मिळाले, 44 सेकंद. पांढरी बाराबंदी, कपाळावर घाम, आणि ओझं तोलताना दातांनी घट्ट धरलेला ओठ. मुलाला तेवढे दिले.

आता तुमचं.

प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र फोल्डर करा, नावात तारीख घाला. यावर माझ्याशी वाद घालू नका. त्याच्या आत क्रमांक चालतील, पण एचएलएस_स्टार्ट_नंबर_सोर्स हे "ईपॉक" ठेवा. मग क्रमांक शून्यापासून न लागता 1970 पासूनच्या सेकंदांच्या आकड्याने लागतो. लाइट जाऊन एन्कोडर परत सुरू झाला तरी नाव जुन्यावर पडत नाही, कारण चार सेकंदांच्या सेगमेंटमागे क्रमांक एकाने वाढतो आणि घड्याळ चाराने. घड्याळ नेहमी पुढेच असतं.

बरेच जण फक्त एसटीआरएफटाइम चालू करून नावात तारीख-वेळ घालतात आणि निवांत होतात. ते अर्धं काम झालं. नावं वेगळी झाली तरी रीस्टार्टनंतर प्लेलिस्टमधला मीडिया सीक्वेन्स, म्हणजे यादीतल्या पहिल्या सेगमेंटचा क्रमांक, शून्यावर येतो. 2700 वर असलेल्या प्लेअरला एकदम 0 दिसलं की तो अडकून बसतो. ईपॉकने तेही सुटतं. शिवाय अपेंड_लिस्ट फ्लॅग द्या, म्हणजे जुन्या यादीलाच पुढे जोडून मध्ये डिसकंटिन्युइटीची, म्हणजे इथे प्रवाह तुटलाय असं प्लेअरला सांगणारी, खूण पडते.

साधे क्रमांकच हवे असतील तर तीन आकडी तरी नको. चार सेकंदांच्या हिशोबाने 1000 सेगमेंट 66 मिनिटं 40 सेकंदांत भरतात. एफएफएमपेग पुढे 1000 लिहितो, थांबत नाही, पण नावाने लावलं की 1000 हा 101 च्या आधी येतो. "एडिटिंगला ओळीने बसतात" हे दाजींचं म्हणणं पहिल्या तासापुरतंच खरं होतं.

लिस्ट साइझ काही न सांगता 5 असतं, आणि एचएलएस_टाइम, म्हणजे एका सेगमेंटची लांबी, 2 सेकंद. म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची खिडकी. आमच्याकडे घरात पाहुणे आले, फोन बाजूला ठेवला, असं चालतं, म्हणून मी चार सेकंदांचे 450 ठेवतो. अर्धा तास मागे जाता येतं. पूर्ण कार्यक्रम मागे नेता यावा म्हणून प्लेलिस्ट टाइप "इव्हेंट" करतात, पण सहा तासांत 5400 सेगमेंटची यादी होते आणि प्रत्येक मोबाइल ती दर काही सेकंदांनी पुन्हा उतरवतो. दोन तासांच्या लग्नाला करा, यात्रेला नको. जुने सेगमेंट डिस्कवरून पुसणारं डिलीट_सेगमेंट्स लावायचं असेल तर रेकॉर्डिंग वेगळं करा, आणि ते एमकेव्हीत. साधी एमपीफोर फाईल मध्येच लाइट गेली की उघडत नाही.

चार सेकंद लिहिलं म्हणून चार होत नाहीत, सेगमेंट कीफ्रेमवरच, म्हणजे स्वतंत्र पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमवरच, तुटतो. एक्स264 हा एन्कोडर पुढच्या कीफ्रेमसाठी मनाने 250 फ्रेमपर्यंत थांबतो, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या वेगाला दहा सेकंद. कीफ्रेममधलं अंतर ठरवणारा जी 100 द्या.

दोन गोष्टी राहिल्या. एसटीआरएफटाइम मशीनची वेळ घेतो, आणि भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, तेव्हा नावं साडेपाच तास मागची दिसतील. आणि एफएमपीफोर, म्हणजे एमपीफोर प्रकारचे सेगमेंट, वापरत असाल तर इनिट फाईलचं (सगळे सेगमेंट उलगडायला लागणारी माहिती असलेल्या सुरुवातीच्या फाईलचं) नाव दरवेळी तेच राहतं. सेटिंग बदलून परत सुरू केलं तर जुनी इनिट कॅशमधून येऊन चित्राचा चिखल करते. म्हणून फोल्डर वेगळं म्हणतोय, आणि मध्येच सेटिंग बदलावी लागली तर तेव्हाही नवं.

तुमच्या सीनियरना विचारा, कालचा आणि आजचा लाइव्ह000 सीडीएनने ओळखायचा कशावरून. दाजींना मी हेच विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या गड्ड्याला फोल्डरवर तारीख त्यांनी स्वतः टाकली.