कागदावर लिटरला 71, रस्त्यावर 18

प्रश्न : मी स्टुटगार्टला नोकरी करतो. ऑक्टोबरात प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवर आणि बाहेरून चार्ज करायच्या बॅटरीवर चालणारी गाडी) घेतली. माहितीपत्रकात 100 किलोमीटरला 1.4 लिटर पेट्रोल आणि नुसत्या बॅटरीवर 60 किलोमीटर असं छापलंय. थंडीभर हिशेब ठेवला, तर 5.5 लिटर पडतंय. ऑफिस 22 किलोमीटरवर, शनिवार-रविवारी मिळून 180 किलोमीटर होतात. घर भाड्याचं, तिथे चार्जिंग नाही. ऑफिसात आठवड्यातून दोनदा लावतो. गाडीत दोष आहे का?

उत्तर : गाडी ठणठणीत आहे. 1.4 हा आकडा तुमच्यासाठी काढलेलाच नाही, आणि ग्राहकाला हे कुणी समजावून सांगत नाही याचा मला मनापासून राग आहे.

युरोपातल्या चाचणीत गाडी भरलेल्या बॅटरीने सुरू करतात, बॅटरी संपल्यावरचं पेट्रोल वेगळं मोजतात आणि मग माणूस किती अंतर विजेवर चालवेल याचा एक वाटा गृहीत धरतात. बॅटरी संपल्यावर गाडी 6.5 लिटर खात असेल आणि 100 पैकी 78 किलोमीटर विजेवर धरले, की उत्तर येतं 1.4. सगळी मेख त्या 78 मध्ये. 2021 साली नोंदलेल्या गाड्यांच्या आतल्या इंधनवापराच्या नोंदी युरोपियन कमिशनने गोळा करून 2024 मध्ये जाहीर केल्या. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं कार्बन उत्सर्जन कागदापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त निघालं, प्लग-इनचं साडेतीनपट. 2025 पासून नव्या मॉडेलांसाठी विजेचा तो गृहीत वाटा कमी केलाय.

मी तिकडे नऊ वर्षं होतो. एका सहकाऱ्याची गाडी कंपनीची, पेट्रोलचं कार्डही कंपनीचं. स्टेपनी काढायला डिकी उघडली, तर चार्जिंगची केबल दोन वर्षांनंतरही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरची चिकटपट्टीसुद्धा न सोललेली. असे लोकही त्या सरासरीत आहेत.

आता तुमचा हिशेब. आठवड्याला 220 अधिक 180, म्हणजे 400 किलोमीटर. थंडीत हीटरमुळे 60 चे 42 होतात असं धरा. (माझ्या गाडीचं इंजिन तर उणे सहाला बॅटरी भरलेली असतानाही काच गरम करायला सुरू व्हायचं.) दोन चार्जिंगचे 84 विजेवर, उरलेले 316 पेट्रोलवर. थंडीतले 6.8 लिटर धरले, तर साडेएकवीस लिटर लागतं, म्हणजे 100 ला 5.4. तुमची वही अगदी बरोबर आहे!

ऑफिसात रोज लावलीत तर 210 किलोमीटर विजेवर जातील आणि आकडा 3.2 वर येईल. उन्हाळ्यात 2.7. 1.4 मात्र या दिनक्रमात कधीच दिसणार नाही.

वीज फुकट धरू नका. भिंतीतून घेतलेलं सगळं बॅटरीत पोचत नाही, दहा-पंधरा टक्के वाटेत जातं. म्हणून गाडीच्या पडद्यावरचा नव्हे, चार्जरच्या बिलावरचा युनिटचा आकडा लिहा. 100 किलोमीटरला 22 युनिट, 38 सेंटने साडेआठ युरोच्या आत. पेट्रोलचे 6.5 लिटर पावणेदोन युरोने साडेअकराच्या आसपास.

आणि घरमालकाला आजच पत्र लिहा. डिसेंबर 2020 पासून जर्मनीत भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवण्याची परवानगी मागायचा कायदेशीर हक्क आहे. शुक्रवारी रात्री घरी लावता आली, तर शनिवारचे पहिले चाळीस किलोमीटरही विजेवर जातील.